आधी पक्षकार, मग स्वतंत्र

पोटापाण्यासाठी मी करारनामे लिहिते आणि उरलेल्या वेळात एक कादंबरी. कादंबरीत ताऱ्याताऱ्यांवर पसरलेलं एक साम्राज्य आहे, पूर्ण सरंजामी थाटाचं. वर सम्राट, त्याच्या हाताखाली बडे जहागीरदार, त्यांच्या हाताखाली छोटे, आणि सगळ्यांच्या तळाशी माणसांची एक वस्ती. ही माणसं मूळची तिथली नाहीत. चार पिढ्यांपूर्वी एका जहागीरदारानं त्यांना त्यांच्या जगातून उचललं आणि बर्फ खणायला एका गोठलेल्या चंद्रावर आणून टाकलं. कादंबरीच्या शेवटी ही वस्ती स्वतंत्र होते. एवढं मला सुरुवातीपासून ठाऊक होतं. कशी होते, हे मात्र बरेच दिवस सुचत नव्हतं.

माझा भाचा कच्चा मसुदा वाचतो. त्याचा प्रश्न ठरलेला: "मावशी, लढाई कधी येणार?" लढाई आहे, येईल. पण एक लढाई जिंकली की लोक स्वतंत्र झाले, हे मला पटत नाही. समजा, वस्तीनं जहागीरदाराचं आरमार हाकलून लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साम्राज्याच्या दफ्तरात त्या चंद्रापुढे काय लिहिलेलं असेल? "बंडखोरांच्या ताब्यात." म्हणजे शेजारचा कुणीही जहागीरदार सम्राटाच्या नावानं येऊन तो चंद्र घशात घालायला मोकळा. सरंजामी व्यवस्थेत बिनमालकाची जागा असा रकानाच नसतो. प्रत्येक जमीन कुणीतरी कुणाकडून तरी धरलेली असते.

मुळात अंतराळात सरंजामशाही येईलच कशी, असं पुष्कळांना वाटतं. मला ती अगदी साहजिक वाटते. सूर्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तिथल्या सुभेदाराला प्रकाशाच्या वेगानं प्रश्न विचारला, तरी उत्तर यायला साडेआठ वर्षं लागतील. व्हॉयेजर १ हे अंतराळयान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगानं चाललंय. तेवढं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. माझ्या कादंबरीतली जहाजं अर्थातच खूप वेगवान आहेत, तेवढी सूट मी घेतलीय. पण जहाजापेक्षा वेगानं बातमी जाणार नाही, हा नियम मी मोडलेला नाही. जिथे हुकूम पोहोचायलाच वर्षं लागतात तिथे नोकर नेमून भागत नाही. तिथला सगळा कारभार एखाद्याला बहाल करावा लागतो, आणि त्यानं इमान राखावं म्हणून शपथ घ्यावी लागते. त्याच्या मागे त्याचा मुलगा गादीवर बसतो, कारण दुसरा माणूस पाठवेपर्यंत दहा वर्षं जातात. सरंजामशाही म्हणजे लांबच्या मुलखावर राज्य करण्याची तडजोड, असं मी समजते.

आणि वस्ती जहागीरदाराच्या मुठीत का राहते? सैनिक आहेत म्हणून? सैनिकांना पगार द्यावा लागतो. मूठ असते ती हवेची. एका माणसाला दिवसाला अदमासे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. बर्फ फोडून प्राणवायू काढणारं यंत्र जहागीरदाराचं, त्याचे सुटे भाग त्याच्याच कारखान्यातले. दुसरीकडून हवा घ्यायची नाही, स्वतः बनवायची नाही. हे मी हवेतून काढलेलं नाही. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी कुळांना आपलं धान्य मालकाच्याच गिरणीत दळावं लागे आणि त्याबद्दल दळणाचा वाटा द्यावा लागे. काही ठिकाणी घरात जातं ठेवायलाही मनाई होती. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स मठाचा महंत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड यानं चौदाव्या शतकात लोकांची जाती जप्त केली. त्या जात्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवण्यात आले. हा महंत मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहगोलांच्या गती दाखवणारं अचाट घड्याळ त्यानं रचलं होतं. तारे ओळखणारा तो माणूस, आणि त्याच्याच हुकमानं लोकांच्या घरातली जाती गेली! कादंबरीतला माझा जहागीरदार या महंतावरून घडलाय. तो क्रूर नाही, विद्वान आहे, आणि हवेवरचा आपला हक्क त्याला निसर्गनियमासारखा वाटतो.

१३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे आपसात वाटून घेतले. हा प्रसंग वाचला तेव्हा मला रडू आलं होतं. त्यांनी मठाकडून आपल्या हक्कांची सनदही लिहून घेतली. उठाव चिरडला गेला, सनद रद्द झाली, त्यांचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब फासावर गेला. दडपणाखाली दिलेला दस्त टिकत नाही हे माझ्या धंद्यातला नवखाही सांगेल. पण त्या सनदेत याहून मोठी उणीव मला दिसते. ती देणारा महंत होता, त्याच्यावर राजा होता, आणि राजाच्या लेखी हे लोक कुणीच नव्हते. ते मठाची मालमत्ता होते. करार करायचा तर दोन पक्षकार लागतात, आणि इथे एकच होता.

सरंजामी बंधन हा मूळचा दुहेरी करार आहे. मांडलिक इमान देतो, स्वामी संरक्षण देतो. स्वामीनं आपली बाजू मोडली तर मांडलिकाला शपथ परत करता येते. नेदरलंड्सनं १५८१ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याला नाकारलं ते याच पायावर. त्यांच्या जाहीरनाम्याचं म्हणणं असं, की प्रजा राजासाठी नसते, राजा प्रजेसाठी असतो, आणि जो प्रजेलाच छळतो तो राजा उरत नाही. पण हा युक्तिवाद कुणाला करता येतो? ज्यानं शपथ घेतलीय त्याला. वेठबिगाराकडून कुणी शपथ घेतलीच नाही, मग तो परत काय करणार? म्हणून माझ्या वस्तीचं पहिलं पाऊल वाचकाला उलटं वाटेल असं आहे. ती आधी मांडलिक होण्यासाठी झगडते. ज्यांनी आपल्याला उचलून आणलं त्यांच्यापुढे गुडघे टेकून शपथ घेण्याचा हक्क मागायचा! वस्तीतली म्हातारी माणसं यावर संतापतात. त्यांना परत जायचंय, जिथून पणजोबांना आणलं त्या जगात. तरुणांना ते जग फक्त गोष्टींतून माहीत आहे. त्यांना हाच चंद्र हवाय, याच बर्फातले बोगदे, पण आपल्या नावावर.

विस्थापितांची ही ओढाताण खोटी पडू नये म्हणून मी इंका साम्राज्याबद्दल वाचलं. इंका राज्यकर्ते जिंकलेल्या प्रदेशातले गटच्या गट उचलून दूर नेऊन वसवत. या वसवलेल्या लोकांना मित्माक म्हणत. नव्या जागीही त्यांनी आपापलं शिरोभूषण बदलायचं नाही असा दंडक होता, म्हणजे कोण कुठला ते दुरूनच ओळखू यावं. माझ्या वस्तीतही जहागीरदारानं जुनी भाषा आणि जुना पोशाख सक्तीनं राखून ठेवलाय. ज्या खुणांना म्हातारे आपली परंपरा म्हणून कवटाळतात त्याच खुणा मालकाच्या सोयीच्या आहेत. तरुण मुलगी पहिल्यांदा साधा कामगाराचा अंगरखा घालून सभेत येते, त्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतलीय.

शपथेचा हक्क मिळतो कसा? वरच्यांचं आपसात फाटतं तेव्हा. इतिहासात बहुतेकदा असंच घडलेलं दिसतं. स्वित्झर्लंडमधलं उरी हे डोंगराळ खोरं हाब्सबुर्ग सरदारांच्या हाती गहाण होतं. १२३१ मध्ये जर्मनीच्या राजानं ते सोडवून घेतलं आणि लिहून दिलं की इथून पुढे हे लोक थेट माझे, मधला धनी कुणी नाही. त्याचं डोंगरवासीयांवर प्रेम उतू चाललं नव्हतं. गोटहार्ड खिंडीची वाट तिथून जात होती आणि त्याला ती हवी होती. १२४० मध्ये शेजारच्या श्वित्स खोऱ्याला पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं तसंच पत्र दिलं, तेही इटलीत फाएंझा शहराला वेढा घालून बसलेला असताना. त्याला माणसांची गरज होती. थेट सम्राटाचे होणं म्हणजे व्यवहारात कुणाचेच न होणं, कारण सम्राट लांब असतो. स्विस लोक साम्राज्याच्या चौकटीतून रीतसर सुटले ते १६४८ मध्ये, चारशे वर्षांनी. तोवर ते बहुतेक आपल्या मर्जीनं जगतच होते.

हा मार्ग मी जसाच्या तसा उचललाय. माझा चंद्र दोन जहागिरींच्या मधल्या वाटेवर आहे आणि जहाजांना पाणी तिथेच मिळतं. वारसाहक्काचं युद्ध पेटतं, सम्राटाच्या आरमाराला पाणी हवं असतं, आणि बर्फ कुठे कसा फोडायचा हे फक्त खाणवाल्यांना माहीत असतं. भाच्याची लढाई इथे येते. वस्ती जहागीरदाराची हवेची यंत्रं ताब्यात घेते, अकरा दिवस टिकवून धरते आणि बाराव्या दिवशी सम्राटाच्या सेनापतीला पाणी देते. बदल्यात एका पानाचं पत्र मागते. पैसा नको, शस्त्रं नकोत.

नेदरलंड्सच्या कथेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फिलिपला नाकारल्यावरही ते लोक नवा धनी शोधत फिरत होते. फ्रान्सच्या राजाच्या भावाला आणलं, ते फसलं. मग खुद्द फ्रान्सच्या राजाला विचारलं, इंग्लंडच्या एलिझाबेथला विचारलं. दोघांनी नकार दिला. डोक्यावर कुणी नसेल तर राज्य चालतं कसं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. प्रजासत्ताक हे त्यांना नाइलाजानं सापडलं. माझ्या वस्तीतही लगेच स्वातंत्र्याच्या घोषणा होत नाहीत. सम्राटाच्या पत्रानंतर दोन पिढ्या जातात, सम्राटाकडून कुणी फिरकत नाही, आणि कारभार वस्तीच्या सभेच्या अंगवळणी पडतो.

मग किंमत मोजण्याची वेळ येते. हैतीच्या गुलामांनी, म्हणजे समुद्रापार ओढून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी, फ्रान्सचं सैन्य हरवून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या युद्धनौका बंदराबाहेर उभ्या राहिल्या. मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक द्या, जुन्या मळेवाल्यांचं नुकसान भरून काढायला. त्या नुकसानात ती माणसंही मोजलेली होती. पहिला हप्ता भरायला फ्रान्समधल्याच बँकांकडून कर्ज काढावं लागलं. १८३८ मध्ये रक्कम कमी केली, पण कर्जाचा फास पिढ्यान्‌पिढ्या राहिला. असा तह मी माझ्या वस्तीच्या गळ्यात मारणार नाही, असं ठरवलं होतं. मग दुसऱ्या एका तहानं माझी झोप उडवली.

जमैकातले मरून हे मळ्यांतून पळालेले गुलाम, डोंगरात राहून इंग्रजांशी वर्षानुवर्षं लढलेले. १७३९ मध्ये त्यांचा नेता कुजो याच्याशी इंग्रजांनी तह केला. स्वातंत्र्य मान्य, १५०० एकर जमीन, आपला कारभार आपण करायचा, फक्त देहदंडाचा अधिकार नाही. आणि एक कलम असं, की यापुढे जे गुलाम पळून येतील ते परत करायचे. स्वतः पळून आलेल्यांनी मागून येणाऱ्यांना पकडून द्यायचं! मी करार लिहिणारी बाई आहे. हे कलम कुणी आणि का घातलं असेल, ते मला लगेच कळतं. स्वतंत्र वस्ती मालकाला परवडते. तिची वाट इतरांना दिसणं परवडत नाही. आणि या तहानं तरी त्यांना वाचवलं का? १७९५ मध्ये पुन्हा युद्ध झालं. ट्रेलॉनी टाउनच्या मरूनांना जहाजात घालून आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला नेलं आणि तिथून १८०० मध्ये आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला.

माझ्या कादंबरीतही जहागीरदाराचा नातू हेच कलम मागतो. सभा नकार देते. बोलणी मोडायच्या बेतात असताना वस्तीची कारकून बाई जुन्या युरोपीय शहरांचा एक रिवाज पुढे करते: पळालेला भूदास शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला की मालकाचा हक्क संपतो. त्याआधी सापडला तर परत. नातवाला हे रास्त वाटतं. वर्षभरात कुणीही माग काढू शकतो. मग ती व्याख्येचं कलम वाचून दाखवते. साम्राज्यात कालगणना ज्या त्या भूमीची धरतात, कारण लांबच्या घड्याळांचा मेळ कधीच बसलेला नाही. वर्ष म्हणजे भूमीची आपल्या स्वामीगोलाभोवतीची एक फेरी. गुरूचा चंद्र युरोपा अशी फेरी साडेतीन दिवसांत मारतो. माझा चंद्रही तसाच आहे. आणि असे चंद्र आपली एकच बाजू ग्रहाकडे धरून फिरतात, म्हणून त्यांचा दिवसही तेवढाच लांब. एक वर्ष आणि एक दिवस मिळून आपले पृथ्वीवरचे सात दिवस होतात.

नातवाचा मुन्शी हुशार आहे, त्याच्या हे ध्यानात येतं. तो बोलतो का गप्प राहतो, यावर मी बराच काळ अडले होते. आता ठरवलंय. तो धन्याच्या कानाला लागतो आणि सगळं समजावून सांगतो. नातू विचारतो, आपल्या खाणीतली किती माणसं त्या चंद्रापर्यंत पोहोचतील? मुन्शी म्हणतो, फार नाहीत, आपली जहाजं तिकडून जातच नाहीत. आणि शेजारच्या जहागिरीची? शेजाऱ्याची सगळी जहाजं तिथेच पाण्याला थांबतात, सरकार. नातू शिक्का मागवतो.