अर्धी बाटली शिल्लक होती

पट्टा तुटलेली बाटलीची पिशवी काउंटरवर ठेवत ती मुलगी म्हणाली, "काका, एवढं जोडून द्या. आणि ही सॅक हलकी करता येते का बघा." एप्रिल संपत आला होता. सोबत वडील होते, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला असलेले. मुलगी प्राणिशास्त्र शिकते. राधानगरी अभयारण्यात वाटाड्याबरोबर दिवसभर फिरून नोंदी घ्यायच्या, असं तिचं काम होतं.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं बॅगा शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. वर्षभर शाळेची दप्तरं आणि प्रवासी बॅगांच्या चेन, रनर. पाऊस लागायच्या सुमाराला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची माणसं येतात. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेनं विशाळगडाकडे निसटले, ती वाट मसाई पठारावरून चिखल तुडवत चालायची. त्यांच्या सॅका शिवता शिवता हे काम माझ्या आवडीचं झालं.

वडील म्हणाले, "मास्तर, गेल्या आठवड्यात ही सड्यावर चक्कर येऊन पडली बगा. ओझं झेपंना झालंय."

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. राधानगरीत 1958 साली गव्यांसाठी राखलेलं आणि आता 351 चौरस किलोमीटर पसरलेलं दाट जंगल आहे, पण मध्येच असा सडा लागतो. पावसाळ्यात तिथं फुलं असतात, उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो आणि सावलीला झुडूपही मिळत नाही.

मी विचारलं, "पाणी संपलं होतं काय, पोरी?"

"नाही काका. अर्धी बाटली शिल्लक होती."

पाणी जवळ असताना माणूस पाण्यावाचून पडतो कसा, हे मला कळेना. मग तिला खोदून खोदून विचारलं. बाटली सॅकच्या बाजूच्या जाळीत होती. तिथवर हात पोचत नाही, दर वेळी थांबून सॅक उतरवावी लागते. पुढं वाटाडा, त्याच्या मागं दोन मोठे संशोधक, शेवटी ही. आपल्यामुळं सगळ्यांना थांबवायचं तिच्या जिवावर यायचं. "पुढच्या सावलीत पिऊ" म्हणत ती चालत राहिली आणि सावली आलीच नाही. गळ्यातली पिशवी होती, पण लिटरभर पाणी एका खांद्यावर घेऊन उतार उतरताना ती पुढं घसरून गुडघ्याला आपटायची, तोल जायचा. त्यातच तिचा पट्टा तुटला, मग बाटली जाळीत गेली.

तुटलेला पट्टा जोडून देणं दहा मिनिटांचं काम होतं. पण तो जोडला असता तर ती परत तशीच पडली असती. मी म्हटलं, "आख्खी सॅक रिकामी करा इथं."

शेजारच्या वाण्याकडून काटा आणला. पहिल्यांदा ठेवली ती बाटली. वडिलांनी हौसेनं घेतलेला दुहेरी स्टीलचा लिटरचा थर्मास, रिकामाच अर्ध्या किलोच्या घरात. पाण्याचं वजन साधं असतं, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे थर्मासच्या स्टीलमध्येच आणखी अर्धा लिटर पाणी गेलं होतं. विकतच्या पाण्याची लिटरची रिकामी बाटली काट्यावर ठेवून दाखवली, काटा जेमतेम हलला. वडील काही बोलले नाहीत. मुलगी पडल्यावर त्यांनीच घाबरून आणखी सामान भरलं होतं: जाड दोर, जाडजूड सुरा, मोठ्या सेलची बॅटरी, अंघोळीचा टॉवेल, जादा जीन पँट. काळजीपोटी घेतलेल्या या एकेका वस्तूनं पाण्याची जागा खाल्ली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी त्यांना कळकळीनं सांगितलं: बाकीचं सामान हलकं करायचं ते पाणी पुरेसं नेता यावं म्हणून. लोक उलट करतात. सॅक जड झाली की आधी एक बाटली बाहेर काढतात, कारण एका झटक्यात किलो कमी होतो. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा लिटर, कधी त्याहून जास्त पाणी लागतं. लिटरभरावर दिवस निघत नाही.

दोर, सुरा, जीन, टॉवेल घरी. बॅटरीच्या जागी डोक्याला बांधायचा छोटा टॉर्च. पण काही वस्तूंना मी हात लावू दिला नाही. शिट्टी, ओआरएसच्या पुड्या, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या, टोपी, पातळ विंडचीटर आणि चांदीसारखी चमकणारी घडीची चादर. रात्र जंगलात काढायची वेळ आली तर ती चादर अंगाची ऊब धरून ठेवते आणि मुठीत मावते. हे सगळं मिळून त्या थर्मासपेक्षा फार जड नव्हतं.

थर्मासबद्दल आणखी एक गोष्ट सांगावीच लागली. वडिलांचा समज होता की स्टीलची बाटली म्हणजे अडीनडीला विस्तवावर ठेवून पाणी उकळता येतं. उकळता येतं, पण एकेरी पत्र्याच्या बाटलीत, झाकण काढून. थर्माससारख्या दुहेरी बाटलीत दोन पत्र्यांमधली पोकळी बंद असते, ती विस्तवावर फुटू शकते. अभयारण्यात विस्तव करायचाच नसतो, तिथं क्लोरीनची गोळी बरी. पाण्यात टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबायचं. पण हा फरक माहीत असलेला बरा.

मुलीनं विचारलं, "नळीवाली पाण्याची पिशवी घेऊ का, काका?" चालता चालता पिता येतं, ही तिची बाजू खरीच. पण ती सॅकच्या आत असते, किती उरलंय ते दिसत नाही, आणि फाटली तर सगळं पाणी एकदम जातं. एकटीदुकटीनं जंगलात जाणाऱ्याला मी सुट्या बाटल्याच सांगतो. एक गेली तरी दुसरी राहते.

मग शिवायला बसलो. लिटरची बाटली छातीशी बांधली तर वाकताना हनुवटीला लागते, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीची खोबण सॅकच्या खांदापट्ट्यावरच घ्यायचं ठरवलं. मोठ्या दोन बाटल्या सॅकमध्ये, पाठीला चिकटून, वरच्या बाजूला. थांबा आला की त्यातून छोटी भरून घ्यायची. खोबणीला आतून कोटिंग असलेलं मॅटी, म्हणजे बॅगांचं जाडं कापड लावलं. फोम घातला नाही, तो पाणी पितो आणि दिवसभर ओला राहतो. तळाला आयलेट, म्हणजे धातूच्या कडीचं भोक मारलं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. पट्टा नायलॉनचा न घेता पॉलिएस्टरचा घेतला. नायलॉन भिजलं की ताणतं आणि बाटली खाली लोंबायला लागते. पट्ट्याची टोकं मेणबत्तीवर भाजून घेतली आणि जोडावर चौकोन मारून आत फुलीची शिलाई घातली.

तोंड कसं ठेवायचं यावर जास्त वेळ गेला. बाटली काढल्यावर खोबण मिटली तर परत घालायला दोन्ही हात लागतात, वाटेकडचं लक्ष उडतं. म्हणून कडेनं पायपिंगची प्लास्टिक वायर फिरवून तोंड उघडं राहील असं केलं. बाटलीच्या गळ्याला इलॅस्टिकची दोरी.

मग तिला सॅक भरून अंगावर घ्यायला लावली. बुटाची नाडी बांधायला वाक. जिना चढ, धावत उतर. आता डोळे मीट, एका हातानं बाटली काढ, पी, परत ठेव. पहिल्यांदा बाटली कडेवर अडली. तोंड जरासं बाहेर झुकवून शिवलं, मग सहज बसली. वडील शेजारी उभे राहून तिच्या प्रत्येक घोटाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "आता कुणाला थांबवायला लागत न्हाई." काट्यावर सॅक चढवली. आधीपेक्षा हलकी होती, आणि आता तिच्यात अडीच लिटर पाणी होतं.

मेमध्ये ती पुन्हा सड्यावर जाऊन आली. तहान लागायची वाट न बघता दर वीसेक मिनिटांनी घोट घेतला, पाणी पुरलं, असं तिनं येऊन सांगितलं. एक तक्रार होती. उजव्या खांद्यावर दुर्बिणीचा पट्टा येतो, तो खोबणीत अडकतो. मी खोबण उसवून डावीकडं घेतली. तेव्हापासून पट्ट्यावर खोबण शिवायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, दुर्बीण किंवा कॅमेरा कुठल्या खांद्याला असतो. थर्मास वडील रात्रपाळीला चहासाठी नेतात.