फुगवून पाहिलं, ओढून नाही

काकांची ऑक्टेव्हिया आरएस 2005ची. रामबागेतल्या बोळातून ती बाहेर काढायची तर दोन्ही आरसे मिटवावे लागतात, तरी त्यांनी ती विकली नाही. 1781 सीसी, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व, छोटासा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, आणि कागदावर 150 पीएस, म्हणजे अश्वशक्ती. गेल्या मे महिन्यात एका सकाळी ते पुतण्याला घेऊन इंदुरात देवास नाक्याला माझ्या वर्कशॉपवर आले, ते फोनवर सगळं सांगून झाल्यावरच.

तक्रार एकच: इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या पुढे गेले की गाडीला दमच नाही. आधीच्या गॅरेजने हवा मोजणारा सेन्सर बदलला, बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, सोलेनॉइड बदलला, टर्बोची जादा हवा वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व बदलला. तिन्ही नवे घालूनही फरक शून्य, म्हणून आता टर्बो बदला म्हणाले. काका बँकेतून निवृत्त झालेले, पावत्यांची फाइल बरोबर. पुतण्याचं म्हणणं वेगळंच. "दादा, टर्बो बदलायचाच आहे तर मोठा टाकू ना, आणि रीमॅपही करून टाकू, संगणकातलं सेटिंग बदलून ताकद वाढवू."

"आधी टायर बघू," मी म्हटलं.

टायरवर 1211 छापलं होतं, म्हणजे 2011 सालचा बारावा आठवडा. माझ्याकडे चाकांवरची ताकद मोजायचा डायनो आहे; त्याच्या रोलरवर चौथ्या गिअरात खेचताना काटा ताशी दीडशेच्या पुढे जातो, आणि गाडी जागच्या जागी पट्ट्यांनी बांधलेली असते. त्या टायरवर मी कुणाच्याही बापाची गाडी चढवणार नाही. पुढचे दोन टायर आणून बसवण्यात साडेअकरा वाजले. तोवर पोहे झाले, वरून भुरभुरायचा जिरावन मसाला जरा जास्तच पडला होता, आणि उन्हाने पत्रा तापला.

पहिल्या रनला चाकांवर 93 पीएस. गाडी तंदुरुस्त असती तर गिअरबॉक्स वगैरेंचं नुकसान वजा जाऊन मला 120च्या पुढे दिसायला हवे होते. पण आकड्यापेक्षा रेषेचा आकार विचित्र होता. 4300पर्यंत छान चढते, मग पठार, मग उतार. बूस्ट अर्ध्या बारवरून पाव बारवर. सोलेनॉइड मात्र 95 टक्के उघडा. इंजिनाचा संगणक जीव तोडून बूस्ट मागतोय आणि मिळत नाहीये.

इथे टर्बो गेला असं म्हणणं सोपं होतं. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं माझ्याही मनात तेच आलं.

मग मी हवेचा आकडा पाहिला. सेकंदाला 88 ग्रॅम, त्यावर जातच नव्हता. अशा इंजिनात ढोबळ हिशेब असा: ग्रॅमला 0.8ने भागा, इंजिनाचे पीएस मिळतात. 88 म्हणजे 110. चाकांवरच्या 93शी ते जुळत होतं. सेन्सर कमी दाखवत असता तर संगणकाने पेट्रोलही कमी टाकलं असतं आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ झालं असतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा माझा लॅम्डा मीटर मिश्रण ठीक सांगत होता. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. हवा खरोखरच येत नव्हती.

मग आधीच्या गॅरेजने तो बदलला का? फाइलमध्ये त्यांचं स्कॅन होतं: इंधनाची दुरुस्ती +8 टक्के, म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा तेवढं जास्त इंधन टाकतोय. ते आकडा बघून घाबरले. अहो, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोलला जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने बनलेला संगणक त्याच हवेत तेवढं जास्त इंधन टाकणारच. +8 हा आजार नव्हता, पंपावरचा पत्ता होता.

हवा गळते का पाहायला एअर फिल्टरच्या बाजूने दाब दिला. अर्ध्या बारला सगळं घट्ट, साबणाच्या पाण्याचा एक बुडबुडा नाही. इथे मी तासभर अडकलो. दुसरा रन घेतला, तो पहिल्याहूनही खाली, कारण या गाडीचा इंटरकूलर, टर्बोतून आलेली हवा थंड करणारा, बंपरच्या कोपऱ्यात लपलेला असतो आणि आमच्या मोठ्या पंख्याचा वारा तिथे नीट पोहोचत नाही. हवा तापली की संगणक स्पार्क उशिरा देतो आणि ताकद घटते. त्या रनवरून काही ठरवण्यात अर्थ नव्हता.

शेवटी पुतण्याचा फोन घेतला, बॅटरीजवळ पक्का बांधला, शेजारी टॉर्च लावला आणि व्हिडिओ चालू करून तिसरा रन घेतला. पट्टे ताणलेले असताना मी कुणाला बोनेटपाशी उभं राहू देत नाही, फोन मेला तर मेला.

फोन नंतर हेल्परने आधी हातात घेतला. "भैया, पाइप तो बैठ गया!"

सेन्सरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज. थ्रॉटल उघडला तसा तो आत ओढला गेला, आणि चार हजारांच्या पुढे पोळीसारखा चपटा. थ्रॉटल सोडताच पुन्हा गोल, जणू काही झालंच नाही. टर्बोच्या आधीची बाजू ती, तिथे दाब नसतो, ओढ असते. आम्ही सगळ्यांनी आतून दाब दिला होता आणि दाबाने तो बिचारा ताठ उभा राहिला होता. हाताने चेपला तर कणकेसारखा. कुठल्याशा दुकानातून बसवलेली स्वस्त नक्कल, त्यात इंजिनाच्या ब्रीदरमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेने मऊ पडलेली.

आत एक स्प्रिंग सरकवू, हेल्पर म्हणाला. रस्त्यात चालतं असं म्हणतात. ती सुटली तर सरळ टर्बोच्या पंख्यात, जो मिनिटाला लाखाच्या वर फिरतो. नको. ओळखीच्या भंगारवाल्याकडे याच इंजिनाची एक ठोकलेली गाडी पडली होती, तिचा मूळ होज दुपारी चार वाजेपर्यंत आला. वयाने तोही काही कमी नव्हता, पण भिंत जाड आणि अंगाने कडक.

हवा 117 ग्रॅम. चाकांवर 122. रेषा 4300ला थबकली नाही. काका खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आले आणि काहीच बोलले नाहीत. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं.

पुतण्या खूश नव्हता. त्याच्या पुण्यातल्या मित्राच्या अशाच गाडीला 138चा कागद मिळालाय. "करेक्शन लावून प्रिंट द्या ना."

लावलं तर 130च्या आसपास झाले असते, एका क्लिकचं काम. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. साध्या इंजिनाची ताकद त्या प्रमाणात पडते, म्हणून सॉफ्टवेअर ती भरून दाखवतं. टर्बोच्या गाडीत संगणक किती हवा हवी ते ठरवतो आणि टर्बो थोडा जास्त फिरून ती बरीचशी आणून देतो. जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई कशाला छापायची? मी 122 छापले. त्याने तो कागद घडी न घालताच मागच्या सीटवर टाकला.

रीमॅपचं विचारलं तेव्हा मी काकांकडे पाहिलं. "टायमिंग बेल्ट, व्हॉल्व चालवणारा पट्टा, कधी बदललाय?"

काकांनी फाइल उघडली, शेवटपर्यंत चाळली, पुन्हा पहिल्या पानावर आले. पावती नव्हती. सोमवारी गाडी परत आणायचं ठरलं. आधी बेल्ट आणि वॉटर पंप.