‘गो’, ‘वेंट’, ‘गॉन’ आणि आपले सर

स्मरणिका समितीचं पत्र आलं तेव्हा मी कार्यालयातून नुकताच घरी पोचलो होतो. शाळेचा अमृतमहोत्सव, माजी विद्यार्थ्याचं मनोगत हवं, शब्दमर्यादा एक हजार. शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की मला इमारत आठवत नाही, स्नेहसंमेलनं आठवत नाहीत. मला आठवतात इंग्रजीचे सर. नाव लिहायची गरज नाही. आमच्या काळात शिक्षक पुष्कळ होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहायचा.

तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. जून १९७९. कौलांवर पाऊस कोसळत होता. सरांनी फळ्यावर दोन अक्षरं काढली आणि मोठ्याने वाचली, “गो.” सगळा वर्ग खो खो हसला. आमच्या मालवणी कानांना दुसरं काय ऐकू येणार? घरी दिवसभर तेच चालायचं, “काय गो?”, “आये गो!”, “खंय गेललंस गो बाय?” सर रागावले नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “बघा, पहिलाच शब्द ओळखीचा निघाला. आता या गोचा अर्थ वेगळा, एवढंच लक्षात ठेवा.” त्या दिवसापासून इंग्रजीची भीती म्हणून वाटली नाही. आज वाटतं, त्या एका तासाने माझं पुढचं आयुष्य ठरलं.

सरांचं त्या क्रियापदावर विलक्षण प्रेम होतं. पाच वर्षांत ते त्याच्याकडे किती वेळा परत आले असतील, मोजदाद नाही. सहावीत भूतकाळ आला. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’ होतं, म्हणून एकाने ‘गो’चं ‘गोड’ केलं. सर म्हणाले, “नियमाने तुझंच बरोबर. पण ‘वेंट’ हा मुळात ‘गो’चा नाहीच. ‘वेंड’ नावाचं दुसरं क्रियापद होतं, वळणं, वाट धरणं अशा अर्थाचं. त्याचा भूतकाळ ‘वेंट’. ‘गो’चा स्वतःचा जुना भूतकाळ लोपला आणि पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी ही जागा ‘वेंट’ने घेतली.” आम्हाला वाटलं, काय ही विचित्र भाषा! सर खडू खाली ठेवून वर्गाकडे वळले. “आणि आपली? ‘जा’ हा धातू. खा-खाल्ला, गा-गायला. मग जा-गेला कसं? हा ‘ग’ आला कुठून?”

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जन्मापासून रोज बोलत असलेल्या शब्दात एवढी मोठी फट आहे, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. उत्तर त्यांनी लगेच दिलं नाही. आठवीत संस्कृत सुरू झालं, ‘याति’ आणि ‘गतः’ असे दोन वेगळे धातू भेटले, तेव्हा सरांनी मला व्हरांड्यात अडवून विचारलं, “सापडला का ‘ग’?” सापडला होता. ‘जातो’ हा ‘या’पासून, ‘गेला’ हा ‘गम्’पासून. इंग्रजीने जे केलं तेच मराठीने केलं होतं. इतक्या दूरच्या दोन भाषांनी नेमक्या याच क्रियापदात दोन मुळं एकत्र बांधावीत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

‘गो होम’मध्ये ‘टू’ का नाही, हेही त्यांनी असंच समजावलं. “आपण ‘घरी जा’ म्हणतो, ‘घराला जा’ म्हणतो का? त्यांचं ‘होम’ म्हणजे आपलं ‘घरी’.” विद्यार्थी ‘गो टू स्कूल’ करतो, पण पालक फी भरायला आले तर ‘गो टू द स्कूल’. मूल शिकायला जातं, पालक त्या इमारतीत जातात. एक ‘द’ एवढं सांगतो. ‘आय अॅम गोइंग टू बाय सॉल्ट’ म्हणजे मीठ आणायला निघालो. त्यात चालणंही आहे आणि हेतूही. हळूहळू चालणं गळालं, हेतू उरला, आणि मग ‘इट इज गोइंग टू रेन’ असं म्हणता येऊ लागलं. पावसाला कुठे पाय आहेत?

पण मला सांगायचाय तो प्रसंग जुलै १९८२चा. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमच्या पंचक्रोशीत घरटी एक माणूस लालबाग-परळला होता, त्यामुळे तो संप आमच्या अंगणातच झाला म्हणा. माझे बाबा मार्चमध्ये गावी आले, ट्रंकेसकट. सरांनी ‘गो’ची पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘माय फादर हॅज गॉन टू मुंबई.’ माझं ठरलेलं वाक्य होतं ते. सहावीपासून प्रत्येक परीक्षेत लिहीत आलो होतो, बरोबरची खूण मिळत आली होती.

सरांनी वही तपासली, पण वर्गात परत दिली नाही. तास संपल्यावर जांभळीखाली बोलावलं.

“बाबा कुठे आहेत रे?”

“घरी, सर.”

“मग ‘गॉन’ कसं? ‘हॅज गॉन’ म्हणजे आपल्या मालवणीतला ‘तो गेलो’. अजून तिकडेच आहे. ‘हॅज बीन’ म्हणजे ‘जावन इलो’.”

लाल शाईने ‘गॉन’ खोडून त्यांनी वर ‘बीन’ लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चुकीचं दुःख नव्हतं. तो एक शब्द बदलला आणि बाबा मुंबईहून परत आलेत हे पहिल्यांदा कागदावर पक्कं झालं. मी म्हटलं, “सर, संप मिटला की ते परत जाणार आहेत.”

सर बराच वेळ पावसाकडे बघत राहिले. मग त्याच वाक्याखाली स्वतःच्या अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘ही इज गोइंग टू गो अगेन.’ म्हणाले, “दोनदा ‘गो’ आलं म्हणून घाबरू नकोस. पहिला मनातला, दुसरा पायांचा.”

तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबा परत गेले नाहीत. त्या दिवसानंतर दर महिन्याला सर आमच्या घरावरून जाताना ओट्यावर टेकायचे, बाबांशी भातशेतीचं बोलायचे. माझी दहावीची परीक्षा फी कुणी भरली, हे मला बाबांनी मार्च १९८५मध्ये परीक्षा संपल्यावर सांगितलं. सरांनी आयुष्यात कधी त्याचा उल्लेख केला नाही.

आज मी उच्च न्यायालयात भाषांतरकार आहे. मराठी साक्षी, पंचनामे, जबाब इंग्रजीत करणं हे माझं रोजचं काम. एका जबाबात वाक्य होतं, ‘मी पोचलो तेव्हा तो गेला होता.’ निघून गेला होता की मरण पावला होता? सगळा खटला त्या एका शब्दावर तोलला जाऊ शकतो. मागची-पुढची पानं तीनदा वाचली, तेव्हा कुठे उलगडा झाला. अशा वेळी सर खुर्चीमागे उभे आहेत असं वाटतं. इंग्रजीतही ‘गॉन’ माणसाच्या मरणाला लागतो. त्यांच्याकडेही दूध, दृष्टी, शहाणपण, सारं बिघडताना ‘गो’ येतो आणि स्वप्न खरं होताना ‘कम’. आपल्याकडे दात जातो, वीज जाते, भांड्याला तडा जातो, उमेद जाते. झाडाला फळ येतं, मुलाला पोहायला येतं. राग मात्र येतोच, तो या हिशेबात बसत नाही; सर म्हणायचे, भाषेला आपला हिशेब बंधनकारक नाही.

आता २०००पासून पहिलीतच इंग्रजी आहे. मुलं फाडफाड बोलतात, त्याचा मला आनंद आहे. पण ‘गेला’मधला ‘ग’ कुठून आला, हे त्यांना कुणी विचारतं का? मागच्या मे महिन्यात शाळेत गेलो होतो. जांभळीच्या जागी सायकल स्टँड आहे. तिथे उभं राहवलं नाही.

सरांना शेवटचा भेटलो ते एका दिवाळीत. उठताना नेहमीप्रमाणे म्हटलं, “सर, येतो.” त्यांनी हात धरला. “कोर्टात हे आलं तर इंग्रजीत काय करशील? जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतोय.” मी म्हटलं, “पुढच्या वेळी सांगतो.” बाबाही मुंबईला निघताना उंबऱ्यावर “येतंय हां” म्हणायचे, आजी डोळे पुसायची. ‘जातो’ कुणी म्हणत नसे. दोन महिन्यांनी वर्गमित्राचा फोन आला, “सर गेले.” त्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ती आठवीची वही मी जपून ठेवली आहे. ‘गॉन’वरची लाल रेघ फिकी झाली आहे, ‘बीन’ अजून वाचता येतं. समिती जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडणार आहे असं पत्रात आहे. एक कोपरा मोकळा ठेवा. मी वही घेऊन येतो.