नव्वदावा दिवस सोमवारी

जागा खाली करून मागण्यासाठी मालक दावा लावतो, त्याला भाडेकरू जे लेखी उत्तर देतो ती कैफियत. आमच्या ऑफिसात ती टाइप होऊन आली की कोर्टात जाण्याआधीची शेवटची तपासणी माझ्याकडे असते. मीही वकीलच, पण उभं राहून बोलण्यापेक्षा माझे जास्त तास कागदावर जातात आणि मला ते मनापासून आवडतं. धोबी तलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात भाड्याचे दावे वर्षानुवर्षं चालतात. निकालाच्या वेळी सगळ्यांना आठवते ती उलटतपासणी आणि शेवटचा युक्तिवाद. बाजी मात्र पुष्कळदा कैफियतीतच गेलेली असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आठव्या आदेशाचा पाचवा नियम सांगतो की दाव्यातली जी गोष्ट प्रतिवादीने नेमकेपणाने नाकारलेली नाही, ती त्याला कबूल आहे असं धरलं जातं. भाडेकरूला हे कोणी समजावून सांगत नाही. त्याला वाटतं, जे खोटं आहे त्याला उत्तर कशाला द्यायचं!

माझी पद्धत जुनी आहे. डावीकडे दावा, उजवीकडे कैफियत, हातात पट्टी आणि पेन्सिल. दाव्यात परिच्छेदांना नंबर असतातच, मी आतल्या प्रत्येक वाक्यालाही नंबर घालते. कारण मालकाचा वकील एका परिच्छेदात चार गोष्टी गुंफतो: पहिल्या तीन निरुपद्रवी, चौथी जीवघेणी. कैफियत लिहिणारा पहिल्या तिघींना सविस्तर उत्तर देतो आणि चौथीपर्यंत पोचेस्तोवर दमतो. कधी परिच्छेदच्या परिच्छेद गळतो. त्याहून वाईट म्हणजे ते ठरावीक वाक्य, की परिच्छेद अमुक ते अमुक यांतला मजकूर प्रतिवादीला मान्य नसून जणू प्रत्येक विधान इथे उद्धृत करून नाकारलं आहे असं समजावं. प्रत्येक ऑफिसात हे वाक्य आहे. ते लिहिलं की लिहिणाऱ्याला आपण काम केल्यासारखं वाटतं. घर वाचतं ते घडलं काय हे सांगणाऱ्या चार ओळींनी, आणि त्या चार ओळी मिळवायला अशिलाशी बसून बोलावं लागतं.

ज्या फाइलबद्दल लिहिते आहे ती गिरगावातल्या एका चाळीतल्या आजींची. वय सत्तरीच्या पुढे, खोलीत त्या आणि मुलगा. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर, जशी निम्म्या गिरगावात असेल. मालकाने तीन कारणं लावली होती: भाडं थकलं, त्याला स्वतःला जागेची गरज आहे, आणि दोन वर्षं खोलीला कुलूप असून मायलेक मुलीकडे बदलापूरला राहायला गेले आहेत. तिसरं कारण मला नेहमी सगळ्यांत भीतिदायक वाटतं. भाडे नियंत्रण कायद्यात, दावा लावण्याच्या लगेच आधीचे सलग सहा महिने जागा वाजवी कारणाशिवाय वापरात नसेल तर ताबा मागता येतो. थकबाकी भरून टाकता येते, पण न वापरलेले महिने मागे जाऊन वापरता येत नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी मसुदा माझ्या टेबलावर आला. लिहिणारा ज्युनिअर हुशार आहे, इंग्रजीही सुरेख, पण जुनी फाइल उघडून नावं बदलायची त्याची सवय काही सुटत नाही. चौथ्या पानावर आजी ‘मोटार दुरुस्तीचा व्यवसाय’ करत होत्या. खोली नंबर १४-अ, तो कैफियतीत १४ झाला होता, आणि १४ नंबरमध्ये वेगळंच कुटुंब राहतं. सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा आहे असं अशील शेवटी सही करून सांगतो त्या भागात, सगळे परिच्छेद आजींच्या ‘वैयक्तिक माहितीनुसार’ खरे होते, त्यात कायद्याचे मुद्देही आले. कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कोणते मिळालेल्या माहितीवर विसंबून, हे सत्यापनात वेगळं सांगावं लागतं. या चुका पेन्सिलने निस्तरतात. पण कुलपाचा आरोप दाव्याच्या नवव्या परिच्छेदात होता, आणि कैफियतीत आठव्यानंतर थेट दहावा.

मी आजींच्या मुलाला फोन लावला. मिळालेली हकीकत अशी: आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या चारेक महिने मुलीकडे होत्या. दावा लागण्याच्या बऱ्याच आधी परतल्या. त्या नव्हत्या तेव्हाही मुलगा त्याच खोलीत होता, सेकंड शिफ्ट असल्यामुळे दिवसा घरी झोपलेला. बेस्टची बिलं आहेत का विचारलं, तर म्हणाला, सगळी आहेत, आई टाकत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो आले. दावा लागण्याआधीच्या सहा महिन्यांत प्रत्येक बिलावर रीतसर युनिट्स होती, फ्रिज आणि पंखा चालणाऱ्या घराची. ज्या आरोपाला इतकं सरळ उत्तर होतं, तो उत्तराविना कोर्टात जाणार होता. आणि कैफियतीतच नाही ते साक्षीत आणू देत नाहीत, म्हणजे ती बिलं पुढे हातात असूनही उपयोगाची राहिली नसती. नवव्या परिच्छेदाचं उत्तर मी वाक्यावाक्याला लिहून काढलं. अशा लिखाणाचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवावा असं वाटत नाही.

मग शेवटच्या पानावर आले. तिथे एक ओळ होती: प्रतिवादी थकीत भाडं कोर्टात भरण्यास तयार व इच्छुक आहे. बस, एवढंच. सोबत अर्ज नाही, हिशेब नाही.

भाड्याच्या दाव्यात तीन वेगवेगळे नव्वद दिवस असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १५ प्रमाणे मालकाने आधी भाडं मागणारी नोटीस द्यायची आणि ती पोचल्यापासून नव्वद दिवस थांबायचं, हा पहिला. कैफियतीला तीस दिवस, वाढवून जास्तीत जास्त नव्वद, हा दुसरा. आणि त्याच कलम १५ च्या पोटकलम ३ प्रमाणे, समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने तोवरची सगळी थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढेही दावा संपेपर्यंत नियमित भरत राहिला आणि कोर्ट ठरवेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूम होत नाही, हा तिसरा. दुसरा नव्वद लवचीक आहे. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगितलं की ती मुदत कार्यपद्धतीची आहे, सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, आणि प्रत्यक्षात थोडा खर्च भरून कैफियती घेतल्या जातात. तिसऱ्याला तशी सवलत मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. पण दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे नवी मुलं एकाची सवय दुसऱ्याला लावतात.

आमच्या ज्युनिअरने दिवस मोजले होते ते कोर्टातल्या पहिल्या तारखेपासून. मी बेलिफचा, म्हणजे समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल काढला. समन्स त्याआधीच खोलीवर मुलाने घेतलं होतं, आणि घरातल्या प्रौढ माणसाला बजावलेलं समन्स चालतं. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, मग उलटं मोजलं. नव्वदावा दिवस सोमवारी येत होता. मध्ये चौथा शनिवार आणि रविवार. म्हणजे हातात खरं तर शुक्रवारच.

रकमेतही खोट होती. मसुद्यात आकडा होता ६,२९२ रुपये, दाव्यातून जसाच्या तसा उचललेला: २२ महिने, दरमहा २८६. तो हिशेब दावा लागला त्या दिवसाचा. भरणा करायचा तो भरण्याच्या दिवशी जे देणं असेल त्याचा, आणि दरम्यान आणखी नऊ महिने उलटले होते. ३१ महिन्यांचे ८,८६६, आणि प्रत्येक महिन्याचं व्याज त्या त्या महिन्यापासून धरलं तर १,६६२ रुपये. एकूण १०,५२८. गिरगावात आज त्या खोलीची किंमत काय, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. ती चार हजार रुपयांच्या तुटीत जाऊ शकली असती. व्याजाच्या हिशेबावर वाद नको म्हणून आम्ही ११,००० भरायचे ठरवले; इथे जास्त गेलेलं चालतं, कमी चालत नाही. मालकाला मोठ्या रकमा मिळवून देण्यात मिरवणारे वकील मी पाहिले आहेत. पण व्याजाचा तक्ता महिन्यागणिक मांडणारा माणूस ऑफिसात हवा, हे फारच थोड्यांना पटतं.

शुक्रवारी सकाळी आजी आणि मुलगा आले. भरण्याचा अर्ज तयार होता, न्यायाधीशांसमोर तो मांडायला सर, म्हणजे आमच्या ऑफिसातले सीनिअर वकील, स्वतः जाणार होते. तोवर मी आजींना कैफियत वाचून दाखवायला बसले. मजकूर इंग्रजीत, सही मराठीत, म्हणून खाली ‘मराठीत वाचून समजावली’ असा शेरा असतो. पुष्कळ ठिकाणी हा शेरा टाइप होतो आणि वाचन होत नाही. मी ओळ न् ओळ मराठीत सांगते. वेळ जातो, बाकीचे घड्याळाकडे बघतात.

भाड्याच्या परिच्छेदात लिहिलं होतं की मालकाने पावती देणं बंद केल्यापासून प्रतिवादीने दरमहा मनीऑर्डर पाठवली आणि दरमहा ती नाकारली गेली.

आजी म्हणाल्या, “वकीलबाई, हे असं नाहीये.”

“मनीऑर्डरी परत आल्या नाहीत का, आजी?”

“आल्या की. पहिले आठ महिने पाठवल्या, आठही परत आल्या. कुपनं आहेत माझ्याकडे. मग गुडघा धरला. ह्याला म्हटलं तू भर, तर म्हणाला, परतच येतात ना, कशाला रांगेत उभं राहायचं. तेव्हापासून नाही पाठवल्या.”

मुलगा खाली बघत होता. ज्युनिअर पटकन म्हणाला, “आजी, ते तसंच राहू द्या, मालकाला तरी कुठे सिद्ध करता येणार आहे?”

“मला पिंजऱ्यात उभं करून विचारतील ना? तेव्हा मी काय सांगू?” मग माझ्याकडे वळून, “माझ्या सहीच्या वर खोटं नको. एवढं बदला.”

मी बदललं. आठ महिने पाठवली, नाकारली गेली, कुपनं जोडली आहेत. त्यानंतर आजारपणामुळे आणि नकार ठरलेलाच असल्यामुळे पाठवली नाही. आता सर्व थकबाकी व्याजासह कोर्टात भरली आहे. पान पुन्हा छापलं. दुपारी हुकूम झाला, पैसे भरले, पावती मिळाली. शपथेसाठी आजी अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, ओळख मी पटवली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कैफियत दाखल झाली. प्रत समोरच्या वकिलांना दिली, त्यांनी पाहून घेतलं की भरण्याची पावती जोडलेली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी होती. त्यांनाही सोमवारची तारीख पाठ असावी.

त्या एका वाक्यावरून सरांचं आणि माझं अजून पटलेलं नाही. सर म्हणतात, खोटं लिहायचं नव्हतंच, पण ‘त्यानंतर पाठवली नाही’ हे आपण होऊन सांगायची गरज नव्हती. आठ महिन्यांचं लिहून थांबायचं होतं. तोच उलटतपासणीतला पहिला प्रश्न असेल, आणि आजी भाडं द्यायला खरंच तयार होत्या का यावर तासभर किस पाडला जाईल. त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे आणि हे म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की पोटकलम ३ चा भरणा वेळेत आणि पुरा झाला असेल तर थकबाकीच्या कारणावर त्या वाक्याने घर जात नाही. कायद्याने भाडेकरूला ही एक संधी दिली आहे. ती नीट वापरली तर मागचं लपवायची पाळी त्याच्यावर येत नाही. उलट कुलपाच्या आरोपावर कोर्टाने आजींचा शब्द धरायचा असेल, तर मनीऑर्डरीवरही तो खरा असलेला बरा. गुडघ्याचं ऑपरेशन दोन्ही परिच्छेदांत येतं. एका ठिकाणी ते सांगायचं आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच महिन्यांत मनीऑर्डरी गेल्या म्हणायचं, हे समोरच्या वकिलाच्या नजरेतून सुटलं नसतं. सर यावर मान हलवतात, पण हो म्हणत नाहीत.

दाव्यात मुद्दे निघाले आहेत, म्हणजे निकाल कोणत्या प्रश्नांवर द्यायचा ते कोर्टाने ठरवलं आहे. मालकाची साक्ष आधी, आजींचा नंबर कधी येईल कोण जाणे. वय आणि गुडघा पाहता त्यांची साक्ष आधी नोंदवून घ्यावी असा अर्ज करायचा का, यावरही आमचा वाद चालू आहे. माझ्या मते करावा, आणि या महिन्यातच. तोवर २८६ रुपयांचा भरणा दर महिन्याला वेळेवर होतोय, आणि त्याच्या पावत्यांची फाइल मी ज्युनिअरच्या टेबलावरून उचलून माझ्याकडे घेतली आहे.