गिअरबॉक्स नसलेली गाडी मी अजून का सोडत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण हे मला बरेच जण विचारतात: ज्या गिअरबॉक्सपायी डिप्लोमाचं वर्ष गेलं, त्याच्या मागे अजून का लागलायस?

मुळात तो गिअरबॉक्स नव्हताच. पॅरिसच्या सिझेर-नोदँ या मोटार कंपनीने, म्हणजे मोरिस आणि जॉर्ज हे सिझेर भाऊ आणि लुई नोदँ, यांनी वेगळी पेटीच ठेवली नाही. इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, मागच्या टोकाला लहानमोठे तीन पिनियन, म्हणजे छोटी दातेरी चाकं, लिव्हर हलवला की अख्खा शाफ्ट सरकतो आणि हवा तो पिनियन थेट क्राऊन व्हीलला, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या मोठ्या दातेरी चाकाला, भिडतो. तिन्ही गिअर डायरेक्ट, मधे दात्यांची दुसरी जोडी नाही. सिंगल सिलिंडरची गाडी, तिथे दात्यांची एक जोडी वाचली तरी फरक पडतो, आणि याच गाड्यांनी १९०६ आणि १९०७ची छोट्या गाड्यांची कप रेस मारलीय. याला फसलेली आयडिया म्हणायचं?

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला मी याचं केलेलं मॉडेल फसलं, हे खरं. क्राऊन माइल्ड स्टीलचा, पिनियन पितळेचे, दाते मी स्वतः डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे समान अंतरावर दाते कापायच्या साधनावर, काढलेले. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मधला पिनियन छान फिरला. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, म्हणाले, पहिला गिअर (म्हणजे लहान पिनियन) टाका आणि वजन लावा. दोरीला पाच किलो लावले, हँडल अर्धा फेरा फिरलं असेल, करकर आवाज आला आणि दाते खाली ट्रेमध्ये पडले. एक्स्टर्नलनी एक दाता उचलून माझ्या फाईलवर ठेवला आणि विचारलं, हा का तुटला? मी गप्प. माझे प्रोजेक्ट गाईड माझ्याकडे बघेचनात. घरी बाबांना सांगताना पितळच खराब होतं म्हणालो, आणि पुढे कित्येक वर्षं तेच म्हणत राहिलो.

पितळ चांगलं होतं. बेव्हलच्या, म्हणजे शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांच्या, जोडीत दोन्ही चाकांच्या दात्यांच्या रेषा एकाच बिंदूला मिळायला लागतात, मी क्राऊन मधल्या पिनियनच्या हिशोबाने काढला होता, मग लहान पिनियनचा दाता नुसत्या कडेवर टेकत होता आणि सगळा लोड त्या कडेवर. मूळ गाडीही आवाज करायचीच. म्हणजे दोष कल्पनेतच होता? त्या वयातला मी यावर भांडला असता, आज मला तेवढ्या खात्रीने भांडता येत नाही. पण मग ती माणसं रेस कशी जिंकली?

तो दाता अजून ड्रॉवरमध्ये आहे. गेल्या महिन्यात क्राऊनचं ड्रॉइंग परत काढलंय, यावेळी दाते लहान पिनियनच्या हिशोबाने.