मडगार्डपासून सुरुवात

रविवार, ८ जून

सकाळपासून रिपरिप. वहीचं चौथं पान खोडून झालं. नवरा म्हणाला, "घर घेताना एवढा विचार केला नव्हतास." खरंय. घर बांधलेलं मिळालं होतं. सायकल मी मापाने बांधून घेतेय.

उंची १५८ सेंटिमीटर. दुकानातल्या प्रत्येक सायकलीवर मी 'सीट खाली घेतली की बसते' या वर्गात. बसते, पण हात ताणून, शिडीवरून माळ्यावरचा डबा काढताना ताणतात तसे. रोजचा रस्ता पुण्यातला, वारजे ते शिवाजीनगर, एका बाजूने साडेनऊ किलोमीटर. शिवाय दिवाळीनंतर चार दिवस काढून ताम्हिणीतून माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने वेशवी आणि पुढे केळशी, आंजर्ले करत दापोली. दोन्हीला एकच सायकल. दुसरी ठेवायला पार्किंगमध्ये जागा नाही, आणि दुसरी घ्यायची म्हटलं तर घरात बोलणी खायला पोटात जागा नाही.

सगळे विचारतात, गिअर किती? मी सुरुवात मडगार्डपासून केली. गेल्या जुलैत ऑफिसात पोचले तेव्हा कुर्त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची सरळ रेघ होती, ओळंबा धरून काढल्यासारखी. ती एकवेळ धुता येते. खरा छळ पुढच्या चाकाचा. तिथे हातभर लांबीचं शोभेचं प्लॅस्टिक होतं, त्यामुळे चाकाने उडवलेलं पाणी थेट बुटात आणि चेनवर. दिवसभर टेबलाखाली ओले मोजे, आणि आठवड्याला चेन गंजून करकर. पुढचं मडगार्ड खाली पार जमिनीच्या वीतभर वर येईपर्यंत हवं, टोकाला रबराचा तुकडा. जुन्या काळ्या सायकलींना ते असायचंच. आपणच कधीतरी स्पोर्टी दिसायच्या नादात काढून टाकलं.

मंगळवार, १० जून

मडगार्ड ठरलं आणि सगळं एकमेकांत अडकत गेलं. खड्ड्यांसाठी टायर ४२ मिलिमीटर रुंद हवा. मडगार्ड त्याहून आठ-दहा मिलिमीटर रुंद, म्हणजे पन्नास-बावन्न. एवढी जाडी रिमला चिमटा घेणाऱ्या साध्या कॅलिपर ब्रेकच्या पोटात मावत नाही. म्हणून डिस्क ब्रेक. पावसात कर्वे रस्त्यावरची कच रिमला कशी घासते ते माझ्या जुन्या रिमवर हात फिरवला की कळतं; मधोमध चक्क खळगी पडली आहे. डिस्क केबलवरचीच. केबल तुटली तर दापोलीत कोणीही बदलून देईल, तेलाची नळी गळली तर बसा किनाऱ्यावर.

मग चाक. मोठं चाक आणि छोटी फ्रेम म्हटली की वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं. वेगात नाही लागत, तेव्हा हँडल तेवढं वळतच नाही. लागतं ते नळ स्टॉपला सिग्नल सुटल्यावर, रिक्षा आणि पीएमपी बसच्या फटीतून हळूच वळताना. म्हणजे नेमकं जिथे पडू नये तिथे. तेव्हा चाक लहान घ्यायचं.

रविवार, १५ जून

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे तासभर. ते एका चाकाचा आऊट काढत होते. चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराशी कुठे घासतंय ते ऐकायचं, तिथल्या तारेला पाव आटा, पुन्हा फिरवायचं. डोळे रस्त्यावर, लक्ष कानात. मी परदेशी कॅटलॉग दाखवला. लहान चाकाची ६५०-बी रिम. काकांनी चष्मा कपाळावर नेला. "ताई, ही रिम नाशकापुढे पंक्चर झाली तर?"

उत्तर त्यांच्याच डोक्यावर लटकत होतं. दोरीला साडेसत्तावीस इंची ट्यूबांची माळ होती. सोसायटीतली आठवी-नववीची निम्मी पोरं त्याच चाकांच्या सायकली फिरवतात. ६५०-बी आणि साडेसत्तावीस म्हणजे रिम एकच. टायर जिथे बसतो तो व्यास ५८४ मिलिमीटर. नाव तेवढं वेगळं. काकांनी मान हलवली आणि एक अट घातली: रिमचं भोक मोटारसायकलच्या व्हॉल्वचं पाड, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येईल. हे मला महिनाभर वाचून सुचलं नव्हतं.

गिअरचं गणित घरी येऊन केलं. पुढे ४६ आणि ३० दाते, मागे ११ ते ३४. सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८५ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर तासाला साडेसहा-सात किलोमीटर. ताम्हिणीत सामानासकट एवढंच होणार, आणि एवढं पुरे. चालणाऱ्याच्या पुढे राहिलं की झालं.

फ्रेम क्रोमोलीची, म्हणजे एका मिश्र स्टीलची. स्टील गावच्या वेल्डरकडेही जोडता येतं, हे कारण सगळे देतात. मला ते फारसं पटत नाही. पातळ नळीला त्याने ट्रॅक्टरच्या नांगरासारखा आर्क लावला तर भोकच पडेल. आणि माझ्या ओळखीत प्रवासात फ्रेम कोणाचीच तुटली नाही, तुटतो तो कॅरिअरचा पाच मिलिमीटरचा बोल्ट. तसले सहा बोल्ट सीटखालच्या पिशवीत. स्टील घेतेय ते नळ्या बारीक, सुंदर दिसतात म्हणून. हे वहीत लिहायला हरकत नाही.

गुरुवार, १९ जून

काल रात्री भिंतीला टेकून, पायांत पुस्तक धरून, नवऱ्याकडून पायाचं माप घेतलं. ७३ सेंटिमीटर. तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा तो हसत होता म्हणून टेप हलली. मागच्या नळ्या लांब, ४४५ मिलिमीटर, म्हणजे टाच बॅगेला लागणार नाही. ब्रेकचा कॅलिपर मागच्या दोन नळ्यांच्या आत, म्हणजे कॅरिअरचा पाय सरळ खाली जाईल. मडगार्ड आणि कॅरिअरला वेगवेगळी भोकं, एकाच बोल्टवर दोघांचा संसार नको. रेखाटन फ्रेम बांधणाऱ्याला पाठवलं आणि शांत झोपले.

आज दुपारी त्याचा फोन. सगळं पाहिलंय म्हणाला, मापं ठीक. फक्त एक विचारायचं होतं.

"मॅडम, स्टँड?"

महिनाभर मिलिमीटर मोजत बसले आणि सायकल उभी कशी करणार याचा विचारच केला नाही. दोन बॅगा लादलेली सायकल फेरीबोटीवर कशाला टेकवणार होते, देव जाणे. तो म्हणाला, पायडलच्या मागे दोन नळ्यांमध्ये पट्टी जोडतो, स्टँड तिथे बसेल. मी आनंदाने हो म्हणणार, तेवढ्यात लक्षात आलं की मागच्या मडगार्डचा खालचा बोल्ट त्याच जागी येतो.

रेखाटन पुन्हा उघडलं आहे.