तिघांत एक कीबोर्ड

रोज हाताखाली असतात आणि तरी ज्यांच्याकडे आपण कधी धड बघितलेलं नसतं, अशा वस्तूंमध्ये कीबोर्डचा नंबर बराच वर लागेल. सराईतपणे टाइप करणाऱ्या कोणालाही विचारा, बॅकस्पेसच्या डाव्या हाताला कोणतं बटण असतं? तो आधी हवेत बोटं नाचवील आणि मग उत्तर देईल. ही माहिती बोटांपाशी असते, डोक्यापाशी नसते. पंचाईत अशी, की नवा कीबोर्ड घ्यायची वेळ आली की निर्णय मात्र डोकं घेतं. ते फोटो बघतं, रंग बघतं, जाडी बघतं, बॅटरी किती महिने टिकते ते वाचतं. आणि ज्यांना त्या वस्तूशी रोज नांदायचं आहे, त्या दहा बोटांना कोणी विचारतच नाही.

वायरवाल्या कीबोर्डच्या काळात हे खपून जायचं. तो कॉम्प्युटरबरोबर यायचा, कॉम्प्युटरबरोबर जायचा. कोणाचा, हे त्याची वायरच सांगायची. आता टेबलावर एक लॅपटॉप, एक टॅब आणि एक मोबाईल असतो आणि तिघांत मिळून एकच कीबोर्ड हवा असतो. म्हणजे तो त्यांच्यापैकी कोणाचाच नसतो. तो हातांचा असतो. एवढं एक मनाशी धरून निवडायला बसलं, की जाहिरातीतल्या ठळक अक्षरांतल्या निम्म्या गोष्टी बिनमहत्त्वाच्या वाटायला लागतात.

वायर काढून टाकायची हौस तशी जुनी आहे. आयबीएमने नोव्हेंबर १९८३मध्ये पीसीज्युनियर नावाचा घरगुती कॉम्प्युटर जाहीर केला. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात त्याच अवरक्त किरणांवर त्याचा कीबोर्ड चालायचा. मांडीवर घ्या, लांब बसा, वायरची कटकट नाही. पण त्याची बटणं लहान आणि सुटी सुटी होती, आणि अक्षरं बटणांवर नव्हती, बटणांच्या वरच्या पट्टीवर छापलेली होती. लोकांनी इतकी नावं ठेवली, की १९८४मध्ये कंपनीला नवा कीबोर्ड काढून जुन्या गिऱ्हाइकांना तो फुकट द्यावा लागला. वायर नसण्याचं कौतुक चार दिवसांचं, बटणं वाईट असल्याचा त्रास रोजचा. चाळीस वर्षांनंतरही यात फारसा फरक पडलेला नाही.

मराठी लिहिणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती अशी, की यावर मराठी उमटेल का? बटणांवर तर सगळी इंग्रजी अक्षरं. गंमत अशी, की कीबोर्डला इंग्रजीही येत नसतं. आपण बटण दाबलं की तो फक्त त्या जागेचा ठरलेला क्रमांक कळवतो. इंग्रजी ‘ए’ जिथे छापलेला असतो त्या जागेचा क्रमांक ४, ‘के’च्या जागेचा १४. पुढे त्या चौदाचं काय करायचं, हे समोरचं यंत्र ठरवतं. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट ही मराठी मांडणी चालू असेल तर ‘क’ उमटतो, शेजारच्या मोबाईलवर इंग्रजी चालू असेल तर त्याच दाबण्याचा ‘के’ होतो. इतका निर्विकार निरोप्या दुसरा नसेल. तेव्हा मराठीची चौकशी कीबोर्डच्या खोक्यावर करण्यात अर्थ नाही. ती टॅबच्या आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये करायची. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डसाठी आपल्या सवयीची मराठी मांडणी तिथे मिळते का, एवढं आधीच बघून ठेवावं. कारण बाहेरचा कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड सहसा दडी मारतो आणि जाताना शब्द सुचवणं, बोट फिरवून लिहिणं या आपल्या सोयीही घेऊन जातो. इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी लिहिणाऱ्यांनी तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मी इन्स्क्रिप्टवाला. १९८६ साली ठरलेली ही मांडणी मला अजूनही शहाणी वाटते: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, ‘क’वर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘त’वर दाबला की ‘थ’. पण तिच्यामुळे कीबोर्ड निवडताना एक अडचण येते आणि ती कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते. कीबोर्ड आटोपशीर करायचा झाला की बनवणारे उजव्या कडेच्या बटणांवर कात्री चालवतात. अर्धविरामाचं, अवतरणचिन्हाचं, चौकोनी कंसाचं, तिरक्या रेघेचं बटण थोडं अरुंद करायचं, एखादं भलतीकडेच ढकलायचं. इंग्रजी लिहिणाऱ्याचं त्यात फार तर एखादं विरामचिन्ह चुकतं. माझं ‘च’, ‘ट’, ‘ड’ आणि ‘य’ त्याच बटणांवर असतात! ‘चटकन’ लिहायला गेलो की पहिल्याच दोन अक्षरांना करंगळी ठेचाळते. उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर ‘ॉ’ असतो. ते बटण एंटरच्या आकारापायी हलवलं, की ‘कॉम्प्युटर’ लिहिणं मुश्कील. आणि उजवा शिफ्ट! तो आखूड करून तिथे वरचा बाण बसवलेले कीबोर्ड मी फोटो बघूनच बाजूला सारतो. ‘अ’, ‘आ’, ‘ए’ ही सुटी अक्षरं डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसकट मिळतात, म्हणजे शिफ्ट धरायचा तो उजव्या करंगळीने. तिथे बाण दाबला गेला की कर्सर वरच्या ओळीत आणि ‘आई’ भलत्याच वाक्यात.

त्यामुळे आकाराच्या बाबतीत माझं मत एकांगी आहे. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. ते आहे तेवढंच असावं. जागा वाचवायची तर उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा खुशाल काढावा. हिशेबाचं काम करणारे सोडले तर तो कोणाला आठवणारही नाही आणि माऊस तेवढा हाताजवळ येतो. पण अक्षरांची जागा कापू नये. घडी घालून खिशात ठेवायचे कीबोर्ड दिसायला लोभस असतात, पण काहींची घडी नेमकी मधोमध पडते आणि तिथली बटणं बिजागरीशी तडजोड करून बसवलेली असतात. प्रवासात चार निरोप लिहायला ठीक. लेख लिहायला नको.

आता जोडणी. डोंगलवाला (म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा बरोबर येतो तो) घ्यावा की ब्लूटूथवाला, हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. दोन्ही सहसा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच बोलतात. डोंगल लावला की कीबोर्ड ताबडतोब चालतो, अगदी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्याआधीही. तिथे ब्लूटूथ सहसा मुका असतो. पण डोंगल एक पोर्ट अडवतो, आणि मोबाईलला तो लावायचा तर आणखी एक जोडतुकडा सांभाळा. तीन यंत्रांवर काम असेल तर ब्लूटूथला पर्याय नाही. दोन्ही असलेला मिळाला तर उत्तम. डोंगलचा एक गमतीदार दोष मात्र सांगायलाच हवा. यूएसबी ३च्या पोर्टमधून आणि हार्ड डिस्कसारख्या उपकरणांतून जो विद्युत गोंगाट निघतो, तो नेमका याच पट्ट्यात सांडतो. डोंगल अशा उपकरणाला खेटून बसला की अक्षरं गळायला लागतात. उपाय सोपा: डोंगल यूएसबीच्या छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावून लांब ठेवायचा. म्हणजे वायरलेस कीबोर्ड नीट चालावा म्हणून वायर घ्यायची.

अगदी स्वस्तातला, नाव-गाव नसलेला डोंगलवाला मात्र नको. काही स्वस्त कीबोर्ड दाबलेलं प्रत्येक बटण उघड्यावर, कुठल्याही सांकेतिक रूपात न लपवता पाठवतात आणि ते दुरून ऐकता येतं, हे सुरक्षा संशोधकांनी २०१६मध्ये दाखवून दिलं आहे. आपण त्यावर बँकेचा पासवर्ड टाकतो. ब्लूटूथवर जोडणी करताना पडद्यावर सहा आकडे येतात आणि ते कीबोर्डवर टाइप करायला सांगतात, ती कटकट उगीच नसते.

तीन यंत्रांसाठी एक कीबोर्ड घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवावा, तर यंत्र बदलायच्या बटणावर. काही कीबोर्डवर पहिलं, दुसरं, तिसरं अशी तीन वेगळी बटणं असतात. काहींवर एकच बटण असतं आणि ते दाबत दाबत फिरायचं. कागदावर फरक क्षुल्लक आहे. व्यवहारात, एका बटणाच्या कीबोर्डवर आपण आत्ता कुठे आहोत हे लक्षात ठेवायचं काम आपल्याकडे येतं, आणि ते काम आपण करत नाही. लॅपटॉपकडे बघत अख्खं वाक्य लिहावं आणि ते मोबाईलवर उघड्या असलेल्या गप्पांच्या खिडकीत उमटावं, हे तीन बटणांच्या कीबोर्डवरही होतं. पण कमी होतं. एंटर आपण फार पटकन दाबतो, ही खरी भानगड आहे.

त्याच्या जोडीला स्पेसबारच्या शेजारची बटणं. विंडोजच्या जगात स्पेसबारच्या डावीकडे लगेच ऑल्ट असतं, ॲपलच्या जगात तिथे कमांड असतं. कॉपी-पेस्टची सवय एकीकडे कंट्रोलवर बसलेली, दुसरीकडे कमांडवर. कुठल्या यंत्राशी जोडलेलो आहोत हे ओळखून आपली बटणं आपणहून बदलणारे कीबोर्ड मिळतात. दोन्ही जगांत ज्याचं घर आहे, त्याने एकाच बटणावर दोन्ही नावं छापलेला असाच कीबोर्ड बघावा.

बटणांच्या आवाजाबद्दल आणि स्पर्शाबद्दल लोक तावातावाने भांडतात. यांत्रिक, म्हणजे प्रत्येकाखाली स्वतःची स्प्रिंग असलेल्या, बटणांचे भक्त तर निळी, लाल, तपकिरी अशा पंथांत विभागलेले आहेत: निळं टकटकतं, लाल सरळ खाली जातं, तपकिरी मध्ये हलका अडथळा देऊन जातं. त्या वादात मला शिरायचं नाही. चपट्या कीबोर्डमधली बटणाखालची कात्रीसारखी यंत्रणा मला पुरते, आणि रात्री लिहिताना घरातल्यांची झोपमोड होत नाही. बटणाखालून उजेड मात्र नको. बॅटरी खाण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. बिनउजेडाचा कीबोर्ड दोन सेलवर कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही चालतो. उजेडवाला आठवड्यांच्या हिशेबाने चार्जिंगला लागतो. शिवाय सेल बदलता येतात. आत कायमची बसवलेली बॅटरी म्हातारी झाली की बाकीचा धडधाकट कीबोर्डही तिच्याबरोबर सती जातो, हे मला पटत नाही. चार्जिंगवालाच घ्यायचा असेल तर वायर लावल्यावर ती वायर अक्षरंही वाहून नेते की नुसती वीज, एवढं विचारून घ्यावं.

बॅटरी वाचवायला हे कीबोर्ड मधूनमधून झोपतात. ते चांगलंच आहे, पण जागं करायला दाबलेलं पहिलं बटण काही जण गिळून टाकतात. लेखात ते चालतं. पासवर्ड टाकताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, ते मोजायला कोण बसतं! तीनदा चुकला म्हणून यंत्र रुसतं आणि आपण स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेत बसतो. त्यावर माझा उपाय म्हणजे आधी शिफ्ट दाबायचा. त्याने काही उमटत नाही आणि कीबोर्ड उठून बसतो.

मोबाईलवर कीबोर्ड जोडून मोठं लेखन करायच्या कल्पनेबद्दल मी थोडा साशंक आहे. बोटांची सोय होते, पण मोबाईल एका हाताच्या अंतरावर उभा केला की अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि मान पुढे काढून लिहिणाऱ्या माणसाला उत्तम बटणांचाही उपयोग नाही. टॅबवर मात्र हे जमतं. फक्त टेबल हवं; सुटा कीबोर्ड आणि सुटा टॅब मांडीवर एकत्र टिकत नाहीत.

आणि कीबोर्डला चालू-बंद करायचं खरंखुरं, सरकवायचं बटण असावं. आपोआप झोपणाऱ्याला ते कशाला, असं वाटेल. पण बॅगेत वह्यांखाली दाबला गेलेला कीबोर्ड झोपत नाही. तो बॅगेतून काम करत राहतो, आणि शेजारी टेबलावर लेख उघडा ठेवलेल्या टॅबवर मधल्या परिच्छेदानंतर साडेतीन ओळी नुसता ‘र’ येतो.